दात बघून घेतलेलं सिम

दर रविवारी सकाळी आमच्या शेजारचे डॉक्टर सोनकांबळे तीन मोबाइल फिरायला नेतात. लोक कुत्रं नेतात, नातवंडं नेतात. डॉक्टर मोबाइल नेतात. कापडी पिशवीत तीन फोन आणि तिन्हीत तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं. रेल्वे स्टेशनासमोर स्कूटर उभी करायची, एका फोनवरून दुसऱ्या फोनला लावायचं आणि स्वतःशीच बोलायचं. एका कानाला विचारायचं, "आवाज येतो का?" आणि दुसऱ्या कानाकडून उत्तर द्यायचं, "येतो, पर खरखर हाय." मग भाजीमंडई, मग वजिराबादेतली दाटीची गल्ली, मग गोदावरीचा घाट.

घाटावर एकदा पोलिसानं हटकलं. "काका, काय चाललंय?"

"तपासणी."

"कुणाची?"

"कंपन्यांची. तुमचं सिम कोनतं हाय? आना इकडं."

पोलिसानं निमूट फोन काढून दिला. डॉक्टरांनी तोही तपासला आणि "हे भाकड हाय, बदला," असं निदान करून परत केला.

भाकड म्हणजे दूध न देणारं जनावर. डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. नोकरीची सगळी वर्षं लोहा, कंधार, देगलूर भागातल्या सरकारी दवाखान्यांत गेली. इंग्रजी पुस्तकं वाचतात, पण बोलतात ते गोठ्यातलं. मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही एवढे शिकलेले, मग बोलणं असं कसं?" तर म्हणाले, "बाई, म्हशीला प्रमाण भाषा कळत न्हाई. एकदा तिच्याशी बोलायची सवय लागली की मानसांशी बी तसंच बोलणं होतंय."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून मी बाई. आमचे हे रेल्वेच्या विभागीय कार्यालयात. नांदेडात तरोडा नाक्याच्या पुढं आमची कॉलनी आहे. तिथं डॉक्टरांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नव्या रिचार्जची जाहिरात वाचत पायऱ्यांवर बसले होते. डॉक्टर मागून येऊन वाकून वाचायला लागले.

"काय घ्यायलाव?"

"महिन्याचा प्लॅन."

"तुमी शाळेत महिना किती दिवसांचा शिकवता?"

"तीस. नाहीतर एकतीस."

"आन् फेब्रुवारी?"

"अठ्ठावीस."

"मग हे वाचा." जाहिरातीच्या तळाशी त्यांनी बोट ठेवलं. मुदत अठ्ठावीस दिवस. "या कंपनीचं पंचांगच येगळं हाय. बारा महिने फेब्रुवारी!"

मी म्हटलं, "पण अनलिमिटेड आहे."

"त्याच्याबी खाली वाचा. ‘वाजवी वापर’. म्हंजी पोटभर जेवा, पर वाढपी तुमच्या ताटाकडं बगत उभा ऱ्हाणार."

त्या दिवसापासून आमच्या घरात डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिचार्ज झाला नाही. कॉलनीतही कुणाचा झाला नाही. प्लॅन घेताना तीन गोष्टी बघायच्या, असं त्यांचं सांगणं: दात, पोट आणि चाल. बाजारात बैलाचे दात बघतात तसे प्लॅनचे दात म्हणजे बारीक अक्षरातले आकार. ते कधी चावतील सांगता येत नाही. पोट म्हणजे डेटा किती आणि तो खरंच पुरतो का. आणि चाल म्हणजे रेंज. "दावणीला उभा असताना समदेच बैल देखणे दिसत्यात. चालवून बगितल्याशिवाय पैसे काढू नगा."

त्यांचं खरं वैर होतं ते कस्टमर केअरच्या छापील आवाजाशी. मराठीसाठी एक दाबा, रिचार्जसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा. भिंतीपलीकडून डॉक्टरांचा आवाज यायचा, "अगं मावशे, गाभण म्हशीचं पोट बी आमी इतकं दाबत न्हाई!" पण एकदा का खरं माणूस फोनवर आलं की डॉक्टर लोण्यासारखे. समोरच्या मुलीला आधी नाव विचारणार. मग "जेवलाव का?" विचारणार. तिनं सॉरी म्हटलं की म्हणणार, "तुमी कशाला सॉरी? तुमी निस्ता कासरा धरल्याला हाय. बैल दुसऱ्याचा."

अशा माणसाकडूनही एकदा चूक झाली, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

‘सुस्वर’ नावाची कंपनी आमच्याकडं आली. कॉलनीच्या तोंडाशी मंडप टाकला, येईल त्याला छत्री फुकट दिली. एका घरातल्या चार फोनांना मिळून एकच प्लॅन, आणि तोही दुसऱ्यांपेक्षा स्वस्त. सगळ्यांनी छत्र्या घेतल्या आणि डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले, "थांबा. आधी चालवून बगतो."

त्यांनी एक सिम घेतलं. महिनाभर वापरलं. स्कूटरवरून शहर पालथं घातलं. कंपनीची सगळी कागदं भिंगातून वाचली. शेवटी कॉलनीच्या बैठकीत उभं राहून जाहीर केलं, "दात बगितले, पोट बगितलं, चाल बगितली. जनावर निरोगी हाय. घ्या."

सगळी कॉलनी एका आठवड्यात ‘सुस्वर’मध्ये गेली.

पुढच्या महिन्यात बिलात ‘सेवा सुविधा शुल्क’ उगवलं. विचारलं तर कळलं, नियम बदलला आहे आणि तसा मेसेज आला होता. मेसेज इंग्रजीत होता आणि फुकट छत्र्यांच्या मेसेजांखाली गाडला गेला होता. त्यानंतर पंधरवड्यात रेंजच गेली. जवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर कंपनीचा टॉवर होता. घरमालकाचं आणि कंपनीचं भाड्यावरून वाजलं आणि टॉवर उतरला. सोडून जायचं तर तेही नाही. नंबर एका कंपनीतून दुसरीत नेला की तीन महिने तिथून हलता येत नाही.

सबंध कॉलनीत ‘सुस्वर’ची रेंज उरली ती फक्त देशमुखांच्या शेवग्याखाली. का, ते कुणालाच कळलं नाही. संध्याकाळी शेवग्याखाली रांग लागायची. तिथं चोरून बोलायची सोय नव्हती. कुणाच्या मुलाला कुठल्या मुलीनं नकार दिला, कुणाची सून माहेरी काय सांगते, सगळं सगळ्यांना कळायला लागलं. देशमुखीणबाई तर ओट्यावर भाजी निवडायलाच बसायच्या.

आम्ही हसत होतो. बोमनवारकाका पडले त्या दिवशी हसू थांबलं.

बोमनवारकाका-काकू आमच्या समोर राहतात. मूळचे देगलूरचे, घरात तेलुगू, दारात मराठी. भर दुपारी काका न्हाणीघरात घसरून पडले. काकूंनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, लागेना. मुलाला लावला, लागेना. शेवटी चपला न घालता त्या तापलेल्या रस्त्यावरून नाक्यापर्यंत पळाल्या आणि रिक्षा घेऊन आल्या. काकांचा पाय मोडला होता. तेवढ्यावर निभावलं. पण काका तेवढा वेळ न्हाणीघराच्या फरशीवर एकटे पडून होते, आणि हे सांगताना काकूंना धड कुठल्याच भाषेत बोलता येत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो तर डॉक्टर आधीच बाहेरच्या बाकावर बसलेले. कापडी पिशवी मांडीवर. मला बघून म्हणाले, "बाई, मी पास केल्तं हे जनावर. माझ्या तोंडाकडं बगून लोकांनी घेतलं."

"डॉक्टर, टॉवर उतरणार हे तुम्हाला कसं कळणार?"

"ते कंपनीनं म्हणायचं. मी न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर वेगळेच झाले. चेष्टा बंद. ‘सुस्वर’च्या नांदेडच्या दुकानात गेले. टी-शर्ट घातलेल्या पोऱ्यानं संगणकात बघून सांगितलं, "सर, सिस्टीममध्ये तुमच्या एरियात रेंज एकदम ओके दाखवतंय."

"जनावर आडवं पडलंय आन् तुमी म्हन्ता कागदावर ताप न्हाई!"

"सर, आमच्या हातात काही नाही. लातूरच्या ऑफिसला बोला."

लातूरच्या ऑफिसला फोन केला. एक दाबा, दोन दाबा. मेल केले, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे," असं एकच उत्तर प्रत्येक वेळी. मग एक दिवस डॉक्टरांच्या फोनवर आमंत्रण आलं. ‘सुस्वर’नं लातूरला मोठा ग्राहक मेळावा ठेवला होता. विभागाचे मोठे साहेब येणार, बक्षिसं, जेवण.

डॉक्टर आमच्या दारात उभे राहिले. "बाई, रविवारी लातूरला चलायचं. काकूला बी घ्या."

आम्ही तिघं एसटीनं निघालो. आमच्या ह्यांना काकांजवळ बसवलं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. काकूंनी डब्यातला पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, पुढं केला तर डॉक्टरांनी दोन घास खाल्ले आणि डबा परत दिला. मला वाटलं, डॉक्टर तिथं जाऊन भांडणार, कुणीतरी हाताला धरून बाहेर काढणार, आणि आम्ही मान खाली घालून परत येणार.

लातूरचं सभागृह खच्चून भरलं होतं. स्टेजवर फुगे, मोठा पडदा, आणि मधोमध कोट घातलेले मोठे साहेब. वयानं तरुण होते, बोलणं हसतमुख. निवेदक ओरडला, "कोण आहे आपला समाधानी ग्राहक? कोण सांगणार दोन शब्द?"

डॉक्टरांचा हात वर गेला. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट. निवेदकाला असाच माणूस हवा होता. त्यानं हात देऊन वर घेतलं.

"नाव काय काका आपलं?"

"डॉक्टर सोनकांबळे, नांदेड. जनावरांचा डॉक्टर हाय. साहेबांनी भ्यायचं काम न्हाई."

सभागृह हसलं. साहेबही हसले.

"मी तुमची कंपनी महिनाभर तपासली आन् चांगली म्हणून सांगितलं. माझ्या सांगण्यावरून सबंध कॉलनीनं घेतली. बैल देखणा हाय साहेब, शिंगं बी रंगवल्याली हायत. फकस्त एकदा समद्यांम्होरं चालवून दाखवा."

"म्हणजे?"

"तुमच्या हातातल्या फोनवरून आमच्या कॉलनीत एक फोन लावा. तुमचंच सिम, आमचं बी तुमचंच सिम. स्पीकर लावा आन् माइकजवळ धरा."

साहेबांना नाही म्हणायला जागाच नव्हती. त्यांनी रुबाबात फोन काढला. डॉक्टरांनी बोमनवारकाकांचा नंबर सांगितला. साहेबांनी लावला आणि माइकला टेकवला.

आधी काहीच वाजलं नाही. मग सगळ्या सभागृहात, मोठाल्या स्पीकरांतून, त्या छापील बाईचा गोड आवाज घुमला: आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.

हशा असा उसळला की निवेदक दोन पावलं मागं सरकला. डॉक्टर हसले नाहीत. ते हशा संपेपर्यंत थांबले, आणि मग शांतपणे म्हणाले, "व्यक्ती बाहेर न्हाई साहेब. व्यक्ती पाय प्लास्टरमदी घालून घरी पडल्याली हाय. बाहेर तुमी हाव."

मग डॉक्टरांनी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. न्हाणीघर, फरशी, न लागलेले फोन, अनवाणी पळालेल्या काकू. सांगून झाल्यावर म्हणाले, "त्या बाई तिथं बसल्यात." सगळ्या माना वळल्या. काकू उभ्या राहिल्या. देगलूरच्या बाजारपेठेत वाढलेली, एरवी बोलण्यात कुणाला न हरणारी बाई, पण त्या वेळी एवढंच म्हणाल्या, "फोन लागला असता तर मी त्यांचा हात धरून बसले असते, बाबा. ते एकटे पडून होते."

मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या उदगीरला बी हेच हाय!" दुसरा म्हणाला, "शुल्काचं बी बोला!" बघता बघता सभागृह उठून उभं राहिलं. मी उभी होते आणि टाळ्या वाजवत होते, हे मला तळहात चुरचुरायला लागल्यावर कळलं.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. ते काकूंकडं बघून म्हणाले, "आई, चुकलं आमचं." मग डॉक्टरांकडं वळून हळू आवाजात काहीतरी म्हणाले. डॉक्टरांनी माइक त्यांच्या तोंडाशी नेला.

"कानात नगं साहेब. माइकात."

साहेबांनी माइकात सांगितलं. शुल्क बंद, घेतलेलं परत. पंधरा दिवसांत टॉवर. आणि ज्याला कंपनी सोडून जायचं असेल त्याला जाऊ देण्यासाठी मी स्वतः बघतो.

"काकू, रेकॉर्ड झालं का?" डॉक्टरांनी स्टेजवरून विचारलं.

"झालं!" काकूंनी फोन उंच धरला.

परतीच्या एसटीपर्यंत डॉक्टरांना उदगीरचे, औशाचे, कुठकुठले लोक सोडायला आले होते. कुणीतरी मेळाव्यातला हारच उचलून आणला होता. डॉक्टरांनी तो काकूंच्या हातात दिला आणि खिडकीशी बसून पुळिहोऱ्याचा डबा मागून घेतला. अहमदपूर यायच्या आत डबा रिकामा.

साहेबांनी शब्द पाळला. थोडं उशिरा, पण पाळला. नाक्याजवळच्या नव्या इमारतीवर टॉवर चढला. डॉक्टर रोज जाऊन गड्यांना चहा पाजत होते आणि खालून सूचना देत होते. ज्या दुपारी टॉवर सुरू झाला त्या दुपारी आमच्या कॉलनीत वेडाचा झटका आला. प्रत्येकजण प्रत्येकाला फोन करत होता. गॅलरीतून समोरच्या गॅलरीत हात हलवत, "हॅलो, ऐकू येतंय का?" असं फोनवर विचारत होता. बोमनवारकाकांनी पलंगावरून काकूंना स्वयंपाकघरात फोन लावला आणि तेलुगूत काय म्हणाले कोण जाणे, काकू लाजल्या. देशमुखीणबाई तेवढ्या ओट्यावर एकट्याच होत्या, जरा नाराज. पैसे परत आल्याचे मेसेज आले. कुणीतरी जिलेबी आणली. डॉक्टरांना खुर्चीवर बसवून पोरांनी खुर्चीसकट उचललं, आणि डॉक्टर वरून ओरडत होते, "अरे हळू, म्हातारं जनावर हाय!"

दिवस मावळताना मी जिलेबीची ताटली घेऊन डॉक्टरांकडं गेले. ते गच्चीवर होते. कठड्यावर तिन्ही फोन ओळीनं मांडलेले.

"बगा बाई. तिन्हीला फुल रेंज. काडीभर बी कमी न्हाई."

"मग? जिंकलात ना?"

"जिंकलो की." त्यांनी जिलेबी घेतली, पण हातातच धरून ठेवली. "हा मधला फोन. हा माझा जुना नंबर. कंपन्या बदलल्या, नंबर न्हाई बदलला. लोह्याकडल्या गावांत गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिवल्याला असायचा. वासराचा पाय आडवा आला, पोट फुगलं की पह्यला फोन मला. जेवू देत न्हवते बगा."

"आणि आता?"

"आता कोनाचा येत न्हाई." ते फोनांकडंच बघत होते. "रिटायर झालो तवापासून मी म्हनायचो, लोक लावत असतील, लागत नसंल. रेंजच न्हाई तर लोकांनी काय करावं? म्हणून ही कंपनी बग, ती कंपनी बग." मधला फोन सरळ करत म्हणाले, "गोठे ऱ्हायले न्हाईत बाई. ट्रॅक्टर आले. भिंती पाडून कुनी गाळे काढले, कुनी रंग दिला. मला ठावं हाय. पर रेंजला दोष देता येत होता तवर बरं होतं. आज तीबी सोय गेली."

खाली कॉलनीत अजून हॅलो, हॅलो चाललं होतं. मी ताटली ठेवून घरी आले.

घरी आल्यावर फोन उचलला आणि तो मधला नंबर लावला. भिंतीपलीकडं रिंग वाजलेली मला ऐकू आली. पहिली पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"बोला! डॉक्टर बोलायलोय."

"मी बोलतेय, डॉक्टर. शेजारून."

"काय झालं बाई?"

"काही नाही. जिलेबी खाल्लीत का?"

"खायलोय की. लई गोड हाय." आणि मग बोलायला लागले. कंधारच्या एका म्हशीचं सांगितलं, जिनं भर लग्नात मांडवात रेडकू दिलं होतं. वऱ्हाडी कसे पळाले, नवरदेवानं फेटा काढून रेडकू कसं पुसलं. मी हसत होते. त्यांचा आवाज मला फोनमधून येत होता आणि भिंतीतूनही येत होता, भिंतीतला जरासा आधी. आमचे हे समोर बसून बघत होते, की ही शेजारच्या माणसाशी फोनवर का बोलतेय. मी त्यांना हातानंच गप्प बसायला सांगितलं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर म्हणाले, "बरं, ठेवतो. तुमचा सैपाक असंल." पण ठेवला नाही. घसा खाकरून, सरकारी आवाजात म्हणाले, "आवाज साफ यायलाय. पर एका दिवसावरून काय कळत न्हाई. सर्विस रोज तपासाय लागती."

"मग उद्या लावू का?"

"लावा."

"किती वाजता?"

"कवाबी लावा," डॉक्टर म्हणाले. "मी हायच."